आजोबांची मेसरश्मिट, जावाचं इंजिन आणि ‘मूळ’ म्हणजे कुठल्या सालचं?

सोलापुरातल्या एका वाचकाने विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. त्यांच्या आजोबांनी साठच्या दशकात मुंबईहून एक वापरलेली मेसरश्मिट केआर २०० आणली. गाडी १९५८ सालची, तीन चाकांची. १९७१ मध्ये तिचं साक्स कंपनीचं इंजिन जाम झालं. परदेशी पार्ट मिळायची आशा नव्हती, म्हणून आजोबांनी मिलमधल्या एका फिटरकडून जावा मोटरसायकलचं इंजिन बसवून घेतलं. त्यावर गाडी १८ वर्षं चालली. १९८९ पासून ती जुन्या घराच्या मागच्या शेडमध्ये उभी आहे. आता ती चालू करायची ठरली आणि मतं फुटली. मामा म्हणतात, जर्मनीहून सगळं मागवा आणि कारखान्यातून निघाली तशी करा. पुण्यातले एक संग्राहक मित्र म्हणतात, पत्र्यापर्यंत खरवडा, नवा रंग द्या, बिल्ला बदला, रॅलीत बक्षीस ठरलेलं. वाचकांच्या स्वतःच्या मनात मात्र आजोबांनी सोडली तशीच ठेवावी असं आहे, पण हा आळस तर नाही ना अशी शंकाही आहे.

माझं उत्तर आधी सांगतो. जावाचं इंजिन काढू नका. रंग खरवडू नका. ब्रेक, रबर, टायर, पेट्रोलची नळी आणि वायरिंग मात्र नवं करा, त्यात कुणाचंही ऐकू नका. आणि तुमच्या मनात जे आहे तो आळस नाही. जपून ठेवण्याचं काम खरवडून रंगवण्यापेक्षा जास्त वेळ खातं, हे मी गेली ३५ वर्षं हातांनी अनुभवतो आहे.

आता कारणं. ही गाडी कुठून आली हे माहीत असेल तर वाद कशावर आहे ते नीट कळतं. युद्धानंतर जर्मनीला विमानं बनवायला बंदी होती. त्यामुळे विमानं बनवणाऱ्या मेसरश्मिट कंपनीचा रेगेन्सबुर्गचा कारखाना कामाच्या शोधात होता. फ्रिट्झ फेंड नावाचा इंजिनिअर युद्धात अपंग झालेल्या माणसांसाठी हलकी गाडी बनवत होता. त्या दोघांच्या गाठीतून १९५३ मध्ये केआर १७५ आणि १९५५ मध्ये केआर २०० निघाली. एकामागे एक अशा दोन सीट, सुकाणूच्या जागी हँडल, डोक्यावर प्लेक्सिग्लासचा घुमट, १९१ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, साधारण १० हॉर्सपॉवर आणि अवघं २३० किलो वजन. घुमट पाहून लोक म्हणतात की विमानांच्या उरलेल्या काचा वापरल्या. ती दंतकथा आहे, पुण्याच्या मित्रांनी सांगितली तरी खरी मानू नका. १९५६ च्या सुएझ प्रकरणात युरोपात पेट्रोलची चणचण झाली आणि अशा छोट्या गाड्यांचा भाव वाढला. त्याच सुमारास मेसरश्मिटला पुन्हा विमानांचा रस्ता मोकळा झाला. १९५७ मध्ये गाड्यांचा कारखाना फेंड आणि त्याचे भागीदार यांच्या एफएमआर कंपनीकडे गेला.

बिल्ल्याचा वाद इथेच मिटतो. मेसरश्मिटचं पक्ष्याचं चिन्ह देखणं आहे आणि ओळखीचंही आहे, म्हणून पुष्कळ जण एफएमआरच्या काळातल्या गाडीवरही ते चढवतात. एफएमआरचं चिन्ह म्हणजे तीन शंकरपाळ्या एकमेकींना चिकटवल्यासारखं, दिसायला साधं. तुमची गाडी १९५८ ची आहे. तिच्या नाकावर आज जे आहे तेच राहू द्या. तिथे काहीच नसेल तर पत्र्यातली भोकं मोजा, त्यांच्यातलं अंतर लिहून ठेवा आणि भोकं जे सांगतील तोच बिल्ला लावा.

पण खरा तिढा मोठा आहे. ‘मूळ’ हा शब्द सगळे वापरतात आणि प्रत्येकाच्या मनात वेगळी तारीख असते. मामांच्या मनातली तारीख १९५८ ची, कारखान्याच्या दारातली. पुण्याच्या मित्रांच्या मनात तारीखच नाही, त्यांच्या डोळ्यांपुढे स्टेजवरचा झोत आहे. तुमच्या मनात १९८९ आहे, आजोबांनी शेवटची चावी फिरवली तो दिवस. जुन्या गाड्यांच्या बैठकीत मी तासन्‌तास चाललेली भांडणं ऐकली आहेत आणि त्यातली निम्मी तरी अशीच असतात. कुणाची गाडी कुठल्या तारखेला थांबवायची हे ठरलेलं नसतं आणि दोघंही आपापल्या तारखेला ‘मूळ’ म्हणत राहतात.

आपल्याकडे शेंदराचे थर बसलेली मूर्ती असते ना, तसं हे आहे. कधी शेंदराचं कवच आपोआप सुटतं आणि आतला कोरीव दगड दिसतो. लोक बघायला गर्दी करतात. पण ज्या आजीने ६० वर्षं त्याच शेंदराला तेल घातलं, तिचा देव कवचासकट होता. दगड खोटा नाही आणि शेंदूरही खोटा नाही. फरक इतकाच की कवच स्वतःहून सुटलं तर सुटलं, आपण छिन्नी घेऊन बसायचं का?

जगभरच्या जुन्या गाड्यांच्या क्लबांची फिवा ही संघटना १९६६ पासून आहे. तिने गेल्या दशकाच्या सुरुवातीला ‘ट्युरिन चार्टर’ नावाची मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली. सांभाळणं, टिकवणं आणि पुन्हा उभं करणं या वेगळ्या गोष्टी आहेत, जे बदलाल त्याची नोंद ठेवा, बदल शक्यतो मागे घेता येण्याजोगे करा, आणि गाडीच्या आयुष्यात झालेले बदल हाही तिच्या इतिहासाचा भाग आहे, असा त्याचा रोख आहे. मी ते वाचलं तेव्हा हायसं वाटलं. त्याआधी मी हेच बोलायचो तर लोक म्हणायचे, याला रंगकाम झेपत नाही म्हणून असं सांगतो.

तुमच्या गाडीला हे लावून पाहा. पन्नासच्या दशकाच्या अखेरीपासून पुढे कितीतरी वर्षं परदेशी गाड्या आणि पार्ट आयात करणं इथल्या सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होतं. परवाना, परकीय चलन, कस्टम, सगळीकडे अडसर. अशा वेळी सोलापूरच्या मिलमधला एक फिटर, ज्याचा दिवस मागांचे शाफ्ट आणि पिनियन दुरुस्त करण्यात जात होता, म्हैसूरला बनलेलं जावाचं इंजिन एका जर्मन गाडीत बसवतो आणि ती १८ वर्षं चालते. जावाचं इंजिन २४८.५ सीसीचं, बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास ६५ मिलिमीटर आणि स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव ७५. साक्सचा बोअरही ६५ च, स्ट्रोक ५८. दोन्ही एका सिलिंडरची, दोन्ही टू-स्ट्रोक, दोन्हींची ताकद चेनने मागच्या चाकाला जाते. त्या फिटरने डोळे झाकून इंजिन निवडलेलं नाही. युरोपात कारखान्यातून निघाल्यासारख्या चकचकीत केलेल्या केआर २०० पुष्कळ आहेत, पैसे टाकले तर तुम्हालाही तशी एक विकत घेता येईल. सोलापुरी फिटरच्या हाताची, जावा इंजिनवर चाललेली गाडी मात्र तुमच्या शेडमध्ये आहे आणि ती उचकटलीत तर दुसरी कुठून आणणार?

मामांची बाजूही मला पटते आणि ती मी हलक्यात घेत नाही. या गाडीची सगळ्यात मोठी करामत तिच्या साक्स इंजिनातच होती. केआर २०० ला रिव्हर्स गिअर नाही. किल्ली जास्त आत दाबून फिरवली की डायनास्टार्ट, म्हणजे स्टार्टर आणि डायनामो एकाच यंत्रात, इंजिनाला उलट्या दिशेने फिरवून चालू करायचा. टू-स्ट्रोकला उलटं फिरायची हरकत नसते, ठिणगीची वेळ साधणाऱ्या प्लॅटिनम पॉइंटचा दुसरा संच त्यासाठीच दिलेला. मग मागे जायलाही चारही गिअर! जावाचं इंजिन बसल्यावर हे सगळं गेलं. तुमच्या मामांनी लहानपणी मागच्या सीटवर बसून ते इंजिन बंद होऊन उलटं चालू होताना ऐकलं असणार. त्यांना तो आवाज परत हवा आहे. माणूस पैशाच्या किंवा बक्षिसाच्या मागे असता तर मी इतका विचार केला नसता.

म्हणून मी मधला रस्ता सुचवतो. इंजिन ज्या पट्ट्यांवर बसवलंय ते माउंटिंग नीट बघा. पट्ट्या मूळ भोकांत बोल्टने आवळल्या असतील तर उद्या कधीही साक्सचं इंजिन परत बसू शकतं आणि जावाचं इंजिन पट्ट्यांसकट फळीवर ठेवता येतं. अशा वेळी मामांना साक्स शोधू द्या. पूर्ण, डायनास्टार्टसकट मिळालं तर घ्या, बांधून तयार ठेवा, एका दिवाळीला बसवा, मामांना उलटं चालवू द्या, आणि पुन्हा उतरवा. पण चॅसिसची नळी कापून पट्ट्या वेल्डिंगने जोडल्या असतील, तर त्या कापून काढण्यासाठी ग्राइंडर हातात घेऊ नका. किक मारता यावी म्हणून मागच्या पत्र्यात कापलेलं भोक दिसतंय असं तुम्ही लिहिलं आहे. ते बुजवायचं नाही. कडा धारदार असतील तर रबराची पट्टी लावा, एवढंच.

आता मी या मतावर कसा आलो ते सांगतो, कारण सुरुवातीला मीही पुण्याच्या मित्रांच्याच बाजूचा होतो. १९९८ मध्ये माझ्याकडे एक फियाट टोपोलिनो आली. ५६९ सीसीची छोटी गाडी, १९३६ ते १९५५ या काळात बनलेली. मायक्रोकार, म्हणजे मेसरश्मिटसारख्या चिमुकल्या गाड्या, त्यांच्या काटेकोर व्याख्येत ती बसत नाही, पण प्रेम करणारे लोक तेच. अंगावर हिरवा ऑइलपेंट ब्रशने फासलेला. मी रंग काढायचं रसायन लावलं, पत्री फिरवली, आणि डाव्या दारावर हिरव्याखाली पिवळट पांढरी अक्षरं दिसायला लागली. चाटी गल्लीतल्या एका कापड दुकानाचं नाव, वर मराठीत, खाली कन्नडमध्ये, रंगाऱ्याने हाताने लिहिलेलं, ‘साड्या’मधल्या ड्याला छान वळण दिलेलं. मी दोन मिनिटं थांबलो. मग म्हटलं, खाली पुट्टी आहे, गंज असेल, आणि पुढे खरवडलं. गाडी लख्ख झाली, मालक खूश झाले, पैसेही मिळाले. गाडी न्यायच्या दिवशी मालकांच्या आई आल्या. दारावरून हात फिरवत म्हणाल्या, “अक्षरं होती की ओ हितं, कुटं गेली?” त्यांच्या यजमानांनी उभं राहून लिहून घेतली होती ती. गाडी घरच्यांनी हिरवी केली तरी खाली अक्षरं आहेत हे त्यांना माहीत होतं. माझ्याकडे फोटोसुद्धा नव्हता. त्या दारावर नंतर मी दिलेला रंग कितीही चांगला असला तरी तो मला आजही बघवत नाही.

तेव्हापासून एक पद्धत ठेवली आहे. कुठल्याही गाडीला हात लावण्याआधी आरशामागे, डॅशबोर्डखाली, सीटच्या पट्टीखाली अशा न दिसणाऱ्या जागी रुपयाच्या नाण्याएवढा ठिपका बारीक वॉटरपेपरने गोल गोल घासायचा, ६०० ने सुरू करून १००० वर यायचं. लाकडाच्या ओंडक्यात वर्षांची वलयं दिसतात तसे रंगाचे थर एकाभोवती एक दिसतात. सगळ्यात आतलं वलय कारखान्याचं. मग कापसावर थोडं थिनर घेऊन एकेका वलयाला लावून बघायचं. जुना सेल्युलोज असेल तर लगेच कापसावर उतरतो, भट्टीत भाजलेला एनॅमल दाद देत नाही. घुमटाजवळ मात्र हे करू नका, का ते पुढे सांगतो.

रंगाबद्दल अजून एक गोष्ट, जी बक्षीस देणाऱ्या परीक्षकांनाही सांगावी लागते. या गाड्या स्वस्त होत्या. ज्याला मोटार परवडत नाही आणि पावसात स्कूटर नको, त्याच्यासाठी बनवलेल्या. कारखान्यातून निघताना रंगाला संत्र्याच्या सालीसारखा पोत असायचा, जोडांवर सीलर ओघळलेला असायचा, आतल्या पत्र्यावर रंग विरळ असायचा. आता टू-के पॉलियुरेथेनचे, म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या आजच्या चकचकीत रंगाचे थर देऊन, घासून, आरशासारखी केलेली केआर २०० पाहिली की मला वाटतं, अशी गाडी रेगेन्सबुर्गच्या दारातून कधी बाहेर पडलीच नाही. नट-बोल्टचंही तेच. कारखान्याने जिथे साधा जस्ताचा मुलामा दिला, तिथे लोक क्रोम करून आणतात. मामांना कारखान्यासारखी गाडी हवी असेल तर पुण्याची चकाकी त्यांच्याही विरोधात जाते, हे त्यांना सांगा. दोघं एका बाजूला बसलेत असं वाटतं, पण ते तसे नाहीत.

तुमच्या रंगाला कोमट पाणी, सौम्य द्रव साबण आणि मऊ कापड एवढंच लागेल. सोलापूरच्या उन्हात वरचा थर खडूसारखा झाला असेल. आधी कोपऱ्यात करून बघा, मग अगदी हलका पॉलिश आणि मेण. आपली हवा कोरडी आहे, ही मोठी देणगी. मुंबईत ३५ वर्षं शेडमध्ये उभ्या राहिलेल्या गाडीचा तळ हातात चुऱ्यासारखा आला असता. इथे गंज बहुतेक तळाला असेल, जिथे उंदरांनी गवत-चिंध्या साठवल्या आणि ओल धरली. तिथला पत्रा खालून, आतल्या बाजूने जोडा. वरून दिसणारा गंजाचा डाग कोरडा असेल तर त्यावर मेण लावून थांबवा, पुट्टी भरू नका.

सुट्या छोट्या लोखंडी पार्टचा गंज काढायला धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात बॅटरी चार्जर लावायची पद्धत घरीही जमते. पार्ट निगेटिव्हला, साधा लोखंडी पत्रा पॉझिटिव्हला. स्टेनलेस स्टील मात्र कधीच वापरू नका, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगं पाण्यात उतरतात. उघड्यावर करा, कारण हायड्रोजन निघतो. स्प्रिंग आणि जास्त ताण सोसणारे बोल्ट यात टाकू नका, ते आतून ठिसूळ होतात. आपलं पाणी जड आहे, शेवटचा हात आरओच्या पाण्याने द्या आणि लगेच तेल लावा.

घुमटावर माझा जीव अडकलाय. प्लेक्सिग्लास म्हणजे ॲक्रिलिक. इतक्या वर्षांत त्यात केसासारख्या बारीक भेगांचं जाळं झालं असणार. थिनर, पेट्रोल, काच पुसायचा स्प्रे, यातलं काहीही लागलं तर त्या भेगा पळत सुटतात. फक्त साबणाचं पाणी. चालवण्यासाठी नवा घुमट साच्यावर करून घ्या, मूळ घुमट कापडात गुंडाळून, उभा न ठेवता, पसरट आधारावर सावलीत ठेवा. एप्रिलमध्ये पारा ४२ च्या वर गेला की घुमट बंद करून गाडी उन्हात सोडायची नाही, आत बसलेल्या माणसाचे हाल होतात आणि रबरी कडाही चिकटतात.

आता ज्यात वादच नाही ते. केआर २०० चे ब्रेक केबलचे आहेत, हायड्रॉलिक नाहीत. केबल नव्या, बाहेरचं आवरण नवं, लायनिंग नवं. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, ड्रम उघडल्यावर तोंडाने किंवा कॉम्प्रेसरने फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. इथे मूळ मटेरियलचा हट्ट धरणाऱ्याला मी हात जोडतो. जावाचं इंजिन साक्सपेक्षा ताकदीचं आहे आणि ब्रेक तेच आहेत, म्हणून रस्त्यावर ताशी ४० च्या पुढे जाऊ नका. विजापूर रोडच्या रहदारीत तर नेऊच नका.

सस्पेन्शन रबराच्या पिळावर चालतं. साठ वर्षांचं रबर कितीही मूळ असलं तरी ते आता रबर राहिलेलं नाही. जुनं काढून पिशवीत भरा, चिठ्ठी लावा, नवं ओतून घ्या. टायरची गंमत अशी की तिचा आकार ४.००-८, म्हणजे आपल्या बजाज रिक्षाचाच. शुद्धतावादी नाक मुरडतात, कारण नक्षी जुनी नाही. मी म्हणतो रिक्षाचे टायर घाला. ते जास्त वजनासाठी बनवलेले असतात, म्हणून गाडी जरा कडक चालेल, पण फुटणार नाहीत आणि कुठल्याही चौकात मिळतील. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं. जुनी रबरी नळी आणि कॉकमधला बूच त्यात फुगतो, विरघळतो. इथेनॉल सोसणारी नळी मागून घ्या. गाडी आठवडाभर चालवायची नसेल तर टाकी रिकामी करा.

सीटवर आजोबांनी सोलापुरी चादरीचं कव्हर शिवलंय आणि पुण्याचे मित्र ते आधी काढा म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. कव्हर दोरीने बांधलेलं आहे ना? मग काढा, उन्हात न टाकता सावलीत झटका, हाताने धुवा, पुन्हा बांधा. खाली मूळ रेक्झिन आहे ते त्याच चादरीमुळे वाचलंय. दोन्ही राहतात, मग भांडण कशाचं?

कागदांचं वेगळं सांगायला हवं, कारण तिथे ‘मूळ’ या शब्दाला कायद्याचा अर्थ आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांसाठी मोटार वाहन नियमांत बदल केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपात असलेली आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी त्यात येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं. रोजच्या वापराला परवानगी नाही; प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कामांपुरती. तुमच्यापुढे यात दोन अडचणी आहेत. इंजिन बदललेलं आहे, आणि नियमात दुचाकी व चारचाकी असा उल्लेख असताना तुमची गाडी तीन चाकांची आहे. त्यामुळे फॉर्म भरण्याआधी आरटीओत लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या. त्याआधी आजोबांचं आरसी बुक शोधा. १९७१ मध्ये त्यांनी इंजिन बदलाची नोंद करून घेतली असेल आणि त्यावर जावाचा नंबर असेल, तर तुमचं म्हणणं मांडायला सरकारी कागद हातात आहे. कुणी सुचवेल की जावाचा नंबर घासून दुसरा ठोका. त्या माणसाला पुन्हा घरात घेऊ नका. नंबर खोडणं हा गुन्हा आहेच, शिवाय त्या फिटरच्या कामाचा एकमेव पुरावाही तोच आहे.

हे भांडण फक्त मेसरश्मिटचं नाही. बीएमडब्ल्यूने १९५५ ते १९६२ मध्ये इसेटा नावाच्या १,६१,७२८ छोट्या गाड्या बनवल्या. आधीच्या गाड्यांना फुगीर काचा होत्या, पुढे सरकत्या खिडक्या आल्या. आज सरकत्या खिडकीची गाडी कापून तिला जुन्या काचा लावणारे लोक आहेत, कारण तिला मागणी जास्त. त्याला तेही ‘रिस्टोरेशन’ म्हणतात. मला तो शुद्ध तोटा वाटतो. बंगळूरला बनलेल्या बादल या तीनचाकी गाडीचं अंग फायबरग्लासचं, तिथे पत्र्याचे नियम लागूच होत नाहीत, भेग कुठवर गेलीय ते नखाने चाचपून काम करावं लागतं. आणि आपल्या इचलकरंजीच्या शंकरराव कुळकर्णींच्या मीरा या छोट्या गाडीचं उदाहरण घ्या. त्यांनी वर्षानुवर्षं खपून एकामागून एक नमुने बनवले, दर वेळी काहीतरी सुधारलं, पण कारखाना उभा राहिला नाही. तिथे कारखान्यातून निघाली तशी गाडी असं काही नाहीच, शंकररावांनी ज्या अवस्थेत सोडली तीच मूळ. मीरेच्या बाबतीत हे कुणाला सांगावं लागत नाही. तुमच्या आजोबांच्या गाडीबाबतही त्याच नजरेने बघा, एवढंच मामांना म्हणा.

कामाची सुरुवात अशी करा. मे महिना संपायच्या आत, पाऊस शेडमध्ये ओल आणायच्या आधी, गाडी आहे त्याच जागी उभी ठेवून सगळ्या बाजूंनी फोटो काढा, तळाचेही, आरसा सरकवून. शेडमधल्या जमिनीवर पडलेले बारीकसारीक तुकडे, वॉशर, तुटलेली क्लिप, काहीही झाडून टाकू नका, डब्यात भरा. माउंटिंगच्या पट्ट्यांचे फोटो जवळून, बोल्टची डोकी दिसतील असे घ्या. कधीकधी फिटर लोक आपल्या नावाची अक्षरं किंवा तारीख पंचने ठोकून ठेवतात. ती सापडली तर त्या फिटरच्या घरचे लोक कुठे आहेत ते मिलच्या जुन्या चाळींमध्ये विचारायला मीही तुमच्याबरोबर येईन. मामांना पण घेऊ. १९७१ चा तो दिवस बघितलेलं तुमच्या घरात आता बहुतेक तेच एकटे असतील.